कोऱ्या रिपोर्टचा संशय घ्या: कंपाइल-टाइम अ‍ॅसर्शन आणि कर्नलचं स्टॅटिक अ‍ॅनालिसिस

लिनक्स कर्नलच्या आमच्या एका ड्रायव्हरचा रात्रीचा अ‍ॅनालिसिस रिपोर्ट सलग तीन आठवडे कोरा येत होता. एकही वॉर्निंग नाही. (स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणजे कोड न चालवता, नुसता वाचून चुका शोधणं.) मी तो मीटिंगमध्ये कौतुकाने दाखवलासुद्धा. मग टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने कोड वाचता वाचता विचारलं, "ताई, इथे पॉइंटर नल आहे का ते आपण तपासतो, आणि नल निघाला तर एरर छापायला त्याच पॉइंटरमधलं डिव्हाइस वापरतो. हे चालतं का?" अर्थातच चालत नाही. असली चूक क्लँग कंपाइलरच्या अ‍ॅनालायझरने झोपेतसुद्धा पकडायला हवी. त्याने ती पकडली नाही, कारण त्या ओळीपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. वीसेक ओळी वर एक कंपाइल-टाइम अ‍ॅसर्शन (अट चुकली तर बिल्डच मोडणारी ओळ) होतं, आणि अ‍ॅनालायझरच्या हिशेबाने प्रोग्रॅम तिथेच संपत होता.

टीमच्या ट्रीवर, म्हणजे सगळ्या सोर्स कोडवर, रोज रात्री स्पार्स, स्मॅच आणि क्लँगचा अ‍ॅनालायझर चालवायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. अ‍ॅसर्शनमुळे हे अ‍ॅनालायझर कुठे फसतात, ते कसं ओळखायचं आणि काय करायचं, ते इथे लिहिते आहे. मॅक्रो, फाइली आणि कमांडची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये शोधताना नेहमीची रोमन नावं वापरा.

आधी मॅक्रोच्या पोटात डोकवा

बिल्ड_बग_ऑन हा कर्नलचा अ‍ॅसर्शनचा मॅक्रो आपण इतक्या सवयीने लिहितो की आत काय आहे ते बघत नाही. त्याचा प्रवास बिल्ड_बग_ऑन_एमएसजी, मग कंपाइलटाइम_असर्ट असा होतो, आणि तळाशी जे उरतं ते गंमतशीर आहे. एक फंक्शन नुसतं जाहीर केलेलं असतं, त्याची व्याख्या कुठेच नसते. त्याच्यावर 'एरर' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट असतं. आणि मग एक साधं इफ: अट चुकली तर ते फंक्शन बोलवा. ऑप्टिमायझरला (कोड सुटसुटीत करणारा कंपाइलरचा भाग) अट कधीच चुकणार नाही हे कळलं की तो ती ब्रँच कापून टाकतो आणि बिल्ड सुखरूप पार पडतो. ब्रँच शिल्लक राहिली तर अ‍ॅट्रिब्यूटमुळे कंपाइलर एरर देऊन थांबतो. हे अ‍ॅट्रिब्यूट जीसीसीला खूप आधीपासून कळतं. क्लँगला ते आवृत्ती १४ पासून कळायला लागलं. त्याआधी क्लँगवर तेच अ‍ॅसर्शन लिंक करताना फुटायचं.

म्हणजे अ‍ॅसर्शन पास झालं की नाही, याचा निकाल ऑप्टिमायझर देतो. बहुतेक अ‍ॅनालायझरकडे हा ऑप्टिमायझर नसतो. ते सोर्स लिहिला आहे तसा वाचतात, आणि त्यांना दिसतं ते खरंखुरं इफ, खरीखुरी ब्रँच आणि त्यात खराखुरा फंक्शन कॉल. पुढच्या सगळ्या भानगडी इथून सुरू होतात.

अजून एक बारकावा. त्या न लिहिलेल्या फंक्शनवर नोरिटर्न ('हे फंक्शन परत येत नाही') हे अ‍ॅट्रिब्यूटसुद्धा लावलेलं आहे, आणि शेजारच्या कॉमेंटमध्ये कारणही दिलं आहे: व्हेरिएबलला किंमतच दिलेली नाही अशा प्रकारच्या काही वॉर्निंग टळाव्यात म्हणून. कंपाइलरसाठी ते योग्यच आहे. अ‍ॅनालायझरसाठी त्याचा अर्थ होतो 'इथून पुढे रस्ता नाही'.

स्टॅटिक_असर्ट हे दुसरं जनावर. कर्नलच्या बिल्ड_बग हेडरमध्ये ते २०१९ साली, ५.१ आवृत्तीत आलं आणि ते सरळ सी११ च्या _स्टॅटिक_असर्टवर उभं आहे. त्याला अट म्हणून शुद्ध पूर्णांक स्थिरांकच लागतो, ऑप्टिमायझरची मेहेरबानी चालत नाही. फंक्शनच्या बाहेरही ते लिहिता येतं. मुख्य म्हणजे त्यातून ब्रँच तयार होत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोघांवरचा इलाज अगदी उलटा आहे.

तिसरं बिल्ड_बग_ऑन_झीरो. एखाद्या एक्स्प्रेशनच्या आत अ‍ॅसर्शन घुसवायचं असेल तेव्हा हे वापरतात. अ‍ॅरे_साइझमध्ये 'हा खरंच अ‍ॅरे आहे, पॉइंटर नाही' ही तपासणी अशीच होते. वर्षानुवर्षं त्याची युक्ती ही होती: एका निनावी स्ट्रक्चरमध्ये बिटफील्ड ठेवायचं, आणि अट फसली की त्याची रुंदी उणे एक करायची. माणसाला वाचून डोकं धरावंसं वाटतं, तर टूलची काय कथा! म्हणून स्पार्स चालू असताना, म्हणजे __चेकर__ हे नाव डिफाइन असताना, कर्नल हा मॅक्रो सरळ शून्य करून टाकतो. ते मला पटतं: ती तपासणी बिल्डमध्ये होतेच.

फसण्याच्या तऱ्हा

पहिली तऱ्हा गोंगाटाची. टूलला अट सोडवता येत नाही, म्हणून ते दोन्ही शक्यता धरून चालतं. समजा एका ऑलवेज-इनलाइन, म्हणजे कॉलच्या जागीच उलगडल्या जाणाऱ्या, फंक्शनमध्ये तुम्ही लिहिलंत, लांबी १६ पेक्षा जास्त असेल तर बिल्ड मोडा. कॉल करणारे सगळे ८ किंवा १६ देतात, बिल्ड पास. पण टूल ते फंक्शन एकटं वाचतं. त्याच्या डोक्यात एक पाथ, म्हणजे कोडमधून जाणारी एक वाट, तयार होतो ज्यात लांबी १६ पेक्षा मोठी आहे. त्याला नोरिटर्न कळत नसेल तर तो हीच समजूत घेऊन पुढे जातो आणि चार ओळींनंतर ओरडतो की अ‍ॅरेच्या बाहेर लिहिताय. जी ओळ चूक होऊ नये म्हणून घातली, तिच्यातूनच टूलने चुकीचा पुरावा काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसरी तऱ्हा खोट्या अपयशाची. टूल म्हणतं की स्ट्रक्चरचा आकार १२ नाही, १६ आहे, सबब अ‍ॅसर्शन फसलं. बिल्ड मात्र व्यवस्थित. इथे टूलचं स्ट्रक्चरविषयीचं गणित आणि कंपाइलरचं गणित वेगळं पडलेलं असतं.

तिसरी तऱ्हा शांततेची, आणि हीच मला तीन आठवडे झोपवून गेली. अ‍ॅनालायझरला अ‍ॅसर्शन फसलंय असं ठामपणे वाटतं, नोरिटर्नही त्याला कळतं, म्हणून तो तिथेच थांबतो. पुढचा सगळा कोड त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तक्रार तर सोडाच, तो चकार शब्द काढत नाही.

आमच्या ड्रायव्हरमध्ये नेमकं काय होतं ते सांगते. रजिस्टरमध्ये किंमत भरायला कुणीतरी एक छोटं ऑलवेज-इनलाइन फंक्शन लिहिलं होतं. मास्क (कोणते बिट भरायचे ते सांगणारा आकडा) हा त्याचा पॅरामीटर, आणि आत फील्ड_प्रेप हा किंमत त्या बिटांत बसवणारा मॅक्रो. फील्ड_प्रेपच्या आत पहिली तपासणी असते की मास्क स्थिरांक आहे ना, आणि ती __बिल्टिन_कॉन्स्टंट_पी ने होते. -ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर इनलाइन झाल्यावर कंपाइलरला मास्क स्पष्ट दिसतो, त्यामुळे बिल्ड खूश. क्लँगच्या अ‍ॅनालायझरचा नियम मात्र असा आहे की एखादी गोष्ट स्थिरांक आहे का हे सोर्सवरून थेट ठरवता आलं नाही, तर 'नाही' धरायचं. पॅरामीटर म्हटल्यावर उत्तर 'नाही'. म्हणजे अट फसली, नोरिटर्न फंक्शन बोलावलं, पाथ बंद. आणि हे चिमुकलं फंक्शन प्रोबच्या, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या, सुरुवातीलाच वापरलेलं! त्याच्या खालचं अख्खं प्रोब फंक्शन अंधारात.

स्पार्समध्येही शांततेचा एक दरवाजा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. एखाद्या फाइलीत स्पार्सने एकदा एरर दिली की त्यानंतरच्या वॉर्निंग तो छापत नाही. वॉर्निंगची मर्यादाही मुळात १०० आहे. म्हणजे कुठल्यातरी हेडरमधलं एक खोटं 'अ‍ॅसर्शन फसलं' आलं, की तुमच्या फाइलीतल्या एंडियनच्या (बाइटच्या क्रमाच्या), यूझर पॉइंटरच्या खऱ्या वॉर्निंग गायब होतात. लॉगमधली ती एक एरर बघून आपण म्हणतो, "हां, ती नेहमीचीच आहे," आणि पुढे जातो. ती नेहमीची एरर बाकी सगळं गिळून बसलेली असते.

पोचतोय का, ते विचारा

काहीही दुरुस्त करायच्या आधी अ‍ॅनालायझर कुठवर जातो ते मोजा. क्लँगमध्ये यासाठी घरचीच सोय आहे. डीबग.एक्स्प्रइन्स्पेक्शन नावाचा चेकर चालू करा, क्लँग_अ‍ॅनालायझर_वॉर्नइफरीच्ड हे फंक्शन नुसतं जाहीर करा आणि संशयित अ‍ॅसर्शनच्या लगेच खाली ते बोलवा. अ‍ॅनालायझर तिथे पोचला तर 'रीचेबल' अशी वॉर्निंग येईल. आली नाही तर वरचं काहीतरी रस्ता अडवतंय. मग तोच कॉल अर्ध्या अंतराने वर सरकवत जा, बायसेक्टसारखा. मला आमचं फील्ड_प्रेप सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तीन आठवड्यांच्या मानाने स्वस्तच म्हणायचं. त्याच कुटुंबातलं क्लँग_अ‍ॅनालायझर_ईव्हॅल आहे. त्याला एखादी अट दिली की ती खरी, खोटी की अनिश्चित, ते तो सांगतो. अ‍ॅसर्शनच्या वर आणि खाली दोन्हीकडे लावलं की टूलने त्यातून काय शिकून घेतलं ते उघड होतं.

हे कर्नलच्या नेहमीच्या 'मेक क्लँग-अ‍ॅनालायझर' या टार्गेटमधून करता येत नाही, कारण ते आतून क्लँग-टायडी चालवतं आणि ठरावीक चेकरच लावतं. कंपाइल_कमांड्स.जेसन (प्रत्येक फाइलीची कंपाइल कमांड नोंदलेली फाईल) उघडा, तुमच्या फाइलीची कमांड उचला, त्यातलं -सी आणि -ओ आउटपुट काढा, --अ‍ॅनालाइझ घाला, आणि -एक्सक्लँग मार्फत कोअर व डीबग.एक्स्प्रइन्स्पेक्शन हे चेकर द्या. ही जेसन फाईल एलएलव्हीएम=१ लावून, म्हणजे क्लँगने, केलेल्या बिल्डची असू द्या. जीसीसीच्या बिल्डमधून काढलेली कमांड क्लँगला दिली तर काही फ्लॅग त्याला ओळखू येत नाहीत, आणि तुम्ही अ‍ॅसर्शन सोडून भलत्याच एरर निस्तरत बसता.

स्मॅच वापरत असाल तर त्याच्या चेक_डीबग हेडरमध्ये __स्मॅच_इम्प्लाइड आहे. कोडमध्ये त्या ठिकाणी एखाद्या व्हेरिएबलची कोणती किंमत टूल धरून चाललंय ते छापून मिळतं. काहीच छापलं नाही, तर तेही उत्तरच आहे.

ज्या टूलमध्ये असं काही नाही तिथे गावठी उपाय: एक पॉइंटर नल करा आणि पुढच्याच ओळीत त्यात लिहा. टूल बोललं नाही तर पोचलेलं नाही. फक्त तो पॅच चुकून कमिट करू नका. मी एकदा केलाय. रिव्ह्यूमध्ये पकडला गेला म्हणून वाचले.

आता इलाज

अगदी पहिलं काम: बिल्ड आधी, अ‍ॅनालिसिस नंतर, आणि दोन्ही एकाच .कॉन्फिगवर, म्हणजे कर्नलच्या त्याच सेटिंगवर. हे ऐकायला फारच साधं वाटतं, पण बाकीचा सगळा युक्तिवाद यावर टेकलेला आहे. कंपाइल-टाइम अ‍ॅसर्शनची तपासणी हे बिल्डचं काम आहे. बिल्ड पास झाला असेल तर ती सगळी अ‍ॅसर्शनं खरी ठरली आहेत, अ‍ॅनालायझरने त्यावर पुन्हा मत द्यायची गरज नाही.

म्हणून कंपाइलटाइम_असर्टची ब्रँच अ‍ॅनालिसिसच्या वेळी मी काढून टाकते. पूर्वी माझं मत वेगळं होतं. मला वाटायचं की अ‍ॅसर्शन म्हणजे टूलला फुकट मिळालेली माहिती, ती फेकायची कशाला? नोरिटर्न राहू दे, उलट टूलला 'हे खरं धरून चाल' असं शिकवू. पण नीट बघितलं तर कर्नलमधली बहुतेक बिल्ड_बग_ऑन ही आकार, ऑफसेट आणि स्थिरांक यांच्यावर असतात. ती गणितं टूलला तशीही येतात, त्यातून नवं काही कळत नाही. आणि ज्या थोड्या अ‍ॅसर्शनमधून खरोखर नवं कळू शकतं, ती नेमकी इनलाइनिंगवर आणि __बिल्टिन_कॉन्स्टंट_पी वर अवलंबून असतात, म्हणजे टूल हमखास चुकतं तीच. मिळकत कवडीची आणि जोखीम अख्ख्या फंक्शनची.

करायचं असं. कंपाइलर_टाइप्स हेडरमध्ये __कंपाइलटाइम_असर्टची व्याख्या __ऑप्टिमाइझ__ डिफाइन आहे की नाही यावर ठरते. त्याच्या वर आणखी एक फांदी घाला: __क्लँग_अ‍ॅनालायझर__ डिफाइन असेल तर मॅक्रोत फक्त अटीचा साइझऑफ घ्यायचा आणि तो व्हॉइडमध्ये टाकायचा. नुसतं रिकामं डू-व्हाइल ठेवू नका. साइझऑफच्या आत अट चालवली जात नाही, पण तिच्यातली नावं 'वापरली' गेली असं धरलं जातं, त्यामुळे न वापरलेल्या व्हेरिएबलच्या नव्या तक्रारी उगवत नाहीत. क्लँग-टायडीसुद्धा __क्लँग_अ‍ॅनालायझर__ डिफाइन करतं, त्यामुळे हाताने चालवा की मेकमधून, फांदी लागू पडते. सीपीपीचेक या अ‍ॅनालायझरसाठी __सीपीपीचेक__ आणि कव्हेरिटी या अ‍ॅनालायझरसाठी __कव्हेरिटी__ अशी त्यांची आपापली नावं आहेत. लागतील तशी जोडा.

'हेडर कशाला बदलायचं, -इन्क्लूडने आपली व्याख्या आधी घुसवू' असा शॉर्टकट सुचतो. चालत नाही. कर्नलचा मेकफाईल कंपाइलर_टाइप्स स्वतःच -इन्क्लूडने आत घेतो, तुमची व्याख्या आधी आली की तो ती पुन्हा डिफाइन करतो आणि शेवटी त्याचीच टिकते. मी गिट वर्कट्री करून अ‍ॅनालिसिससाठी वेगळी प्रत ठेवते आणि हा एवढासा पॅच फक्त तिथे लावते.

दुसरा मोहाचा शॉर्टकट: "कर्नलमध्ये __चेकर__ ची सोय आहेच, क्लँगला तेच नाव देऊन टाकू." हा त्याहून वाईट. __चेकर__ आलं की __यूझर, __आयओमेम ही सगळी नावं स्पार्सच्या खास अ‍ॅड्रेस-स्पेस अ‍ॅट्रिब्यूटमध्ये उलगडतात, त्यात आकड्याच्या जागी नाव असतं. क्लँगला तिथे आकडा हवा असतो. एररचा पाऊस पडतो. ते नाव स्पार्स आणि त्याच्यावर बांधलेल्या स्मॅचसाठीच राहू द्या.

हा पॅच लावल्यावरही सगळं संपलं असं समजू नका, कारण सगळी अ‍ॅसर्शनं या एकाच दारातून जात नाहीत. __कंपाइलटाइम_एरर हे नाव ग्रेप करा. बिटफील्ड हेडरमधलं __बॅड_मास्क, फॉर्टिफाय हेडरमधलं __राइट_ओव्हरफ्लो अशी स्वतंत्र जाहीर केलेली फंक्शनं सापडतील. त्यांच्याकडे मी सहसा हात लावत नाही. वॉर्नइफरीच्डने त्रास दिसला तरच बघते.

आणि मूळ कोडमध्ये? आमच्या त्या रजिस्टरवाल्या इनलाइन फंक्शनचा आम्ही मॅक्रो केला. मास्क कॉलच्या जागीच स्थिरांक म्हणून दिसायला लागला, आणि पॅच नसतानाही अ‍ॅनालायझर पुढे जाऊ लागला. फक्त टूलला बरं वाटावं म्हणून कोड बदलणं मला एरवी आवडत नाही. पण अचूकता ऑप्टिमायझरच्या मर्जीवर टांगलेली असेल तर वाचणाऱ्या माणसालाही ते अवघडच जातं, म्हणून इथे बदलला. त्याच न्यायाने, जिथे अट शुद्ध स्थिरांक आहे तिथे बिल्ड_बग_ऑन काढून स्टॅटिक_असर्ट लिहा. ब्रँचच नाही, तर ब्रँचचा त्रासही नाही.

स्टॅटिक_असर्टला मात्र हात लावू नका

हा माझा एकमेव हट्ट. स्टॅटिक_असर्ट बिल्डमध्ये पास होतं आणि टूलमध्ये फसतं, तेव्हा टूलला तुमच्या मेमरीच्या मांडणीविषयी काहीतरी चुकीचं वाटतंय. ते अ‍ॅसर्शन तुम्हाला ही बातमी देतंय. त्याच्याभोवती 'चेकर नसेल तरच' असं इफनडेफ गुंडाळणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. अ‍ॅसर्शन गप्प होतं, चुकीचं गणित तसंच राहतं, आणि त्यावर आधारलेल्या पुढच्या सगळ्या वॉर्निंग अविश्वासार्ह होतात.

कारणं बहुधा दोनच सापडतात. एक, आर्किटेक्चर. ३२ बिटांच्या फील्डनंतर ६४ बिटांचं फील्ड असलेलं स्ट्रक्चर ३२ बिटी एक्स८६ वर १२ बाइट भरतं आणि ६४ बिटीवर १६, कारण अलाइनमेंटचा नियम वेगळा आहे. टूलला कोणत्या मशीनसाठी वाचायचं ते सांगितलंच नसेल तर तो यजमान मशीन धरतो. कर्नलच्या मेकमधून स्पार्स चालवलात तर -एम३२ किंवा -एम६४ आपोआप जातं. हाताने चालवलात तर विसरलं जातं. मेक सी=२ लिहा आणि व्ही=१ लावून खरी कमांड बघा. सी=१ फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासतो, सी=२ सगळ्या. जादा फ्लॅग द्यायचे तर सीएफ या व्हेरिएबलमधून.

दोन, पॅक्ड, म्हणजे फील्डच्या मध्ये मोकळी जागा न सोडायला सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट. स्पार्सच्या जुन्या आवृत्त्या पॅक्ड अ‍ॅट्रिब्यूटकडे दुर्लक्ष करायच्या आणि मधलं पॅडिंग मोजायच्या. आमच्याकडे एका प्रोटोकॉल हेडरच्या आकारावरचं अ‍ॅसर्शन कधीकाळी याच कारणाने गुंडाळून ठेवलेलं मला सापडलं. नवा स्पार्स बांधला, गुंडाळी काढली, अ‍ॅसर्शन पास. आणि आधी सांगितलेल्या त्या एरर-नंतर-शांतता प्रकरणामुळे त्या फाइलीत दबून राहिलेल्या एंडियनच्या वॉर्निंगही मग बाहेर आल्या. त्यातली एक खरी होती.

थोडं बाकीच्यांविषयी

कॉक्सिनेल या कोडमधले नमुने शोधणाऱ्या टूलची गोष्ट निराळी. तो मॅक्रो उलगडतच नाही, बिल्ड_बग_ऑन त्याला साधा कॉल वाटतो, म्हणून ब्रँचचा त्रास नाही. पण एखाद्या मॅक्रोवर पार्सर अडखळला तर तो अख्खं फंक्शन सोडून पुढे जातो, तेही गुपचूप. त्याची एसपॅच --पार्स-सी ही कमांड चालवा, किती भाग वाचता आला ते कळतं. अडचणीचा मॅक्रो --मॅक्रो-फाइलमध्ये सोपा करून द्या.

सीपीपीचेक प्रीप्रोसेसरच्या वेगवेगळ्या कॉन्फिगरेशन स्वतःच कल्पून बघतो, मुळात १२ पर्यंत. तुम्ही कधीच बिल्ड न केलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये अ‍ॅसर्शन फसलं तर त्याला काय किंमत द्यायची? त्याला --प्रोजेक्टने तीच कंपाइल_कमांड्स.जेसन द्या.

टूल चुकत नाहीये, फक्त संपतच नाहीये, असंही होतं. मिन आणि मॅक्स या मॅक्रोंच्या आत प्रकार तपासणारी अ‍ॅसर्शनं असतात आणि प्रत्येक आर्ग्युमेंट त्यात अनेकदा उमटतं. एकात एक घातले की विस्तार गुणाकाराने वाढतो. २०२४ मध्ये एक्स८६ च्या झेन सेटअप कोडमधल्या एकाच ओळीचा विस्तार ४७ एमबी भरल्याचं उघड झालं, आणि त्यानंतर हे मॅक्रो हलके करण्यात आले. एखाद्या फाइलीवर अ‍ॅनालायझर अडकला तर आधी मेकने तिची .आय फाईल (मॅक्रो उलगडल्यानंतरचा कोड) बनवा आणि तिचा आकार बघा. फार फुगली असेल तर आतल्या मिनचा निकाल एका व्हेरिएबलमध्ये घ्या, दुसरं काही करावं लागत नाही.

आणि रोजचे रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघत असाल तर एक छोटी कटकट: त्या न लिहिलेल्या फंक्शनच्या नावाला __काउंटर__ चा आकडा जोडलेला असतो. कुणी हेडरमध्ये एक अ‍ॅसर्शन वाढवलं की खालचे सगळे आकडे सरकतात आणि जुन्याच वॉर्निंग नव्या म्हणून येतात. तुलना करण्याआधी सेडने आकडा उडवा. नावाने दाबायचं असेल तर पूर्ण नाव नको, सुरुवातीचा भागच धरा.

शेवटची गोष्ट आमच्या स्क्रिप्टमधली. वर्कट्रीत एक मुद्दाम बिघडवलेली सी फाईल ठेवली आहे. त्यात एक इनलाइन फंक्शन, आत पॅरामीटरवर फील्ड_प्रेप, आणि त्याच्या कॉलच्या खाली नल पॉइंटरमध्ये लिहिणं. अ‍ॅनालायझरने त्या फाइलीवर बरोबर एक वॉर्निंग दिली पाहिजे. दिली नाही तर रात्रीचा जॉब लाल, बाकीचा रिपोर्ट कितीही कोरा असो. ही फाईल त्याच नव्या मुलाने लिहिली. दोन महिन्यांनी रीबेस करताना हेडर बदललं, माझा पॅच लागला नाही, आणि सकाळी रिपोर्ट उघडायच्या आधीच त्याचा मेसेज आलेला होता: "ताई, आपली चूक आज सापडत नाहीये."